छताचा प्रकार

बँकेचा फॉर्म विचारतो : छताचा प्रकार.
आरसीसी. पत्रा. कौलारू. इतर.
मी 'इतर'वर खूण करते
आणि पुढच्या रिकाम्या रेघेवर पेन थांबतं.

साखर पेठ, एप्रिल, दुपारचे अडीच.
डांबर चपलेला धरून ठेवतंय.
"मोजमाप नंतर, आधी आत या,"
राजमणी कोंगारी म्हणतात.
आत आल्यावर डोळ्यांना थोडा वेळ काहीच दिसत नाही,
पाठीला मात्र लगेच कळतं.

टेप लावते. भिंत : दोन फूट नऊ इंच.
खिडकी : एक. उत्तरेला. परातीएवढी.
"उजेड कुठून?"
त्या वर बोट करतात.
माळवदात भोक, भोवती दगडाचं कडं.
माझ्या आजोळी त्याला सवणं म्हणायचे,
शेजारच्या नीलव्वा बेळकिंडी म्हणतात,
राजमणीबाई काहीच म्हणत नाहीत,
पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालतात.

"वारा नकोच होता इथं.
वाऱ्यानं सूत वाळतं, वाळलं की तुटतं.
सासरे करीमनगरकडून आले
ते धोटा घेऊन; घर कुठलं आणणार?
तिकडं उतरतं छप्पर, ताडाची पानं.
इथं पाऊस मोजून पडतो,
छप्पर उतरतं कशाला करायचं?
गवंडी शिवप्पा, अक्कलकोटकडचा.
त्याला तेलुगू येईना, ह्यांना कानडी.
सासऱ्यांनी काठीनं जमिनीवर चौकोन काढला :
इथं खड्डा. खड्ड्यात माझे पाय. समोर माग.
शिवप्पानं मान हलवली
आणि उरलेलं घर त्या पायांभोवती बांधलं."

खड्ड्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

"तुळया चढल्या. किलचा बसल्या.
मग शिवप्पानं भारा आणून टाकला, तरवडाचा,
मातीखाली अंथरायला. फुलांसकट, पिवळाधमक.
सासूबाई ओरडतच धावल्या : तंगेडु! तंगेडु!
त्याला वाटलं साप निघाला, शिडीवरून उडीच मारली.
बतकम्मा चार दिवसांवर होती, मॅडम,
आणि परक्या गावात फूल कुठं मिळतं
हे तोवर कुणाला विचारता आलं नव्हतं.
अर्धा दिवस बसून फांद्या खुडल्या त्यांनी.
शिवप्पा बिडी ओढत बसला.
त्या अर्ध्या दिवसाची मजुरी त्यानं
घेतली की नाही, ह्यावर पुढं घरात
वीस वर्षं भांडण चाललं."

फुलं देवीच्या ताटात गेली. फांद्या छतात.
वर चिखल, त्यावर पांढरी माती,
बडवून बडवून, ओल आत जाऊ नये म्हणून.
मी मान वर करते.
दोन किलचांच्या फटीतून एक काडी लोंबतेय.
हात पोचत नाही.

माग कधीच गेला.
खड्ड्यात पाय सोडून आता तिघीजणी बसतात, मांडीवर सूप.
पान सुतासारखंच असतं,
कोरडं झालं की हातात चुरा.
सगळ्या पेठेत पानं इथंच मऊ राहतात,
म्हणून लक्ष्मीपेठेतूनही बायका येतात.

"तिरुपतीला स्लॅब हवा. वर एक मजला, भाड्याला.
चुकीचं नाही त्याचं.
दर वैशाखात पांढरी माती चढवायची कोणी? ह्या गुडघ्यांनी?"

मी होटगी रोडला राहते, सगळ्यात वरचा मजला.
रात्री अकरालाही नळाला चहाचं पाणी येतं.
त्या इमारतीचं मूल्यांकन मीच केलं होतं,
उत्तम, असं लिहिलं होतं.

इथे लिहिते : बांधकामाचे मूल्य, शून्य.
जागेचे, मोठा आकडा.
सही करते. राजमणीबाई वाचत नाहीत,
फक्त विचारतात,
"स्लॅबमध्ये काय अंथरता तुम्ही?"

"लोखंड."

"बरं," त्या म्हणतात,
आणि ओंजळभर पाणी पानांवर शिंपडतात.